नाशिकमध्ये खाद्यव्यवसाय सुरू करताना परवान्यांचा क्रम कसा लावावा

गाळा ठरतो, डिपॉझिट जातं, फर्निचर उभं राहतं आणि उद्घाटनाची पत्रिका छापायच्या सुमारास कुणीतरी विचारतं, "फूड लायसन्सचं काय केलंत?" नाशिकमध्ये नव्याने मिसळ सेंटर, मेस किंवा कॅफे काढणारे बरेच जण याच क्रमाने जातात. क्रम उलटा हवा. फूड लायसन्स हा या सगळ्यातला तुलनेने सोपा आणि स्वस्त भाग आहे, घरी बसून ऑनलाइन अर्ज करता येतो. घोडं अडतं ते जागेवर. म्हणून इथे सुरुवात अर्जापासून न करता गाळा बघायला जाल तिथपासून केली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. "पालिकेच्या आरोग्य खात्याचं लायसन्स काढायचंय" असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, आणि त्याखालची परवाना व नोंदणीची नियमावली ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. तेव्हापासून खाद्यपदार्थ बनवणं, साठवणं, विकणं यासाठीचा मुख्य परवाना एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपलं एफडीए करतं. महापालिकेकडे जागा, कचरा, आग, फलक, रस्त्यावरची विक्री हे विषय राहतात. दोन्ही दारं वेगळी आहेत आणि एकाचा कागद दुसरीकडे चालत नाही.

गाळा बघताना: हद्द कुणाची?

नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. मुख्यालय शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात असलं तरी तुमचं रोजचं काम बहुतेक विभागीय कार्यालयाशी पडेल. पण "नाशिक" म्हणून जे ओळखलं जातं ते सगळं पालिकेच्या हद्दीत येत नाही. देवळाली कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, भगूर आणि त्र्यंबकेश्वरला नगरपरिषद आहे. गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडने शहर संपल्यावर ग्रामपंचायत लागते, आणि बांधकामासाठी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा संबंध येतो.

शेतातल्या मिसळीची कल्पना घेऊन जे निघालेत त्यांनी इथे थांबावं. द्राक्षबाग, बाज, झोपाळा, चुलीवरचा रस्सा हे सगळं छान, गिऱ्हाईकही येतं. पण सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल आणि तिच्यावर शंभर माणसं बसायची शेड टाकली, तर प्रश्न फूड लायसन्सचा राहत नाही, बिगरशेती वापराचा आणि बांधकाम परवानगीचा होतो. एफएसएसएआयचा नंबर मिळाला म्हणजे शेड अधिकृत झाली असं नाही. जागा भाड्याची असेल तर मालकाकडून बिगरशेतीचे कागद आधी बघायला मागा. "आजूबाजूला सगळ्यांचंच असं आहे" हे उत्तर आलं तर समजून घ्या की कागद नाहीत.

शहरातल्या गाळ्यासाठी मालकाला चार गोष्टी विचारा. मंजूर नकाशात हा गाळा वाणिज्य वापराचा आहे का? घरपट्टी कोणत्या दराने लागते, निवासी की बिगरनिवासी? घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली आहे का? आणि सोसायटी असेल तर स्वयंपाकघराच्या चिमणीला तिची हरकत आहे का? चौथा प्रश्न लोक हमखास विसरतात. इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी फोडणीच्या वासाची आणि धुराची तक्रार केली की कोणताही परवाना तुम्हाला वाचवत नाही. धुराडं गच्चीपर्यंत न्यायची लेखी संमती भाडेकराराच्या आधी घ्या.

भाडेकरार नोंदणीकृतच करा आणि त्यातला पत्ता वीजबिलाशी अक्षरशः जुळवा. वीजबिलावर "शॉप नं. ४", करारात "गाळा क्र. ४-अ" आणि घरपट्टीवर नुसता सर्व्हे नंबर, असे प्रकार नाशिकमध्ये जुन्या कॉम्प्लेक्समध्ये सर्रास दिसतात. अर्ज याच फरकावरून परत येतो. करारात एक ओळ घालून घ्या की वीजबिलावरचा अमुक गाळा आणि करारातला तमुक गाळा एकच आहे.

नोंदणी की परवाना?

२०११ च्या नियमावलीने मुळात तीन पायऱ्या आखल्या होत्या. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नुसती नोंदणी, फी वर्षाला १०० रुपये. १२ लाखांच्या वर ते २० कोटींपर्यंत राज्य परवाना, त्यात हॉटेल-रेस्टॉरंटसाठी वर्षाला २,००० रुपये. त्याच्याही वर गेलात, किंवा आयात करत असाल, तर केंद्रीय परवाना, ७,५०० रुपये. उत्पादकांचा हिशेब उलाढालीबरोबर रोजच्या क्षमतेवरही जातो. या मर्यादांमध्ये आणि मुदतीच्या नियमांत वेळोवेळी सुधारणा होतात, त्यामुळे अर्ज भरताना पोर्टल तुमची उलाढाल विचारून जो वर्ग दाखवेल तोच धरा, कुणाच्या व्हॉट्सॲपवरचा तक्ता नको.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, गल्ल्यात आलेली एकूण रक्कम. दिवसाला साडेतीन हजारांचा धंदा महिन्याला लाखाच्या पुढे जातो, म्हणजे वर्षाचे १२ लाख ओलांडलेच. कॉलेज रोडवर चालणारी कुठलीही चहा-नाश्त्याची जागा हा आकडा सहज गाठते. १०० रुपयांचा मोह धरून कमी उलाढाल दाखवणारे पुढे अडकतात, कारण ऑनलाइन डिलिव्हरी आणि यूपीआयचे आकडे लपत नाहीत.

अर्ज भरताना

पोर्टलचं नाव फॉसकॉस. ते २०२० पासून जुन्या प्रणालीच्या जागी आलं. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, हे बघूनच पुढे जा. गुगलवर शोधलं की वरच्या जाहिरातींमध्ये सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइट येतात, त्या १०० रुपयांच्या नोंदणीचे हजारो घेतात आणि तुमचा लॉगिन स्वतःकडे ठेवतात. एजंट लावायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. पुढच्या नोटिसा, शंका, नूतनीकरणाचे निरोप सगळे त्यावर येतात. एजंटाचा नंबर टाकला आणि त्याने धंदा बदलला तर स्वतःच्याच परवान्यासाठी तुम्ही परके होता.

अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना "व्यवसायाचा प्रकार". रेस्टॉरंट, केटरर, घरगुती खाणावळ-डबेवाला, फेरीवाला, स्नॅक्स-चहाचं छोटं दुकान, उत्पादक, साठवणूक, वाहतूक असे वेगवेगळे पर्याय आहेत. तुम्ही मिसळ देता आणि शिवाय फरसाण पाकिटात भरून इतर दुकानांना विकता, तर तुम्ही रेस्टॉरंटही आहात आणि उत्पादकही. एकाच जागेवर असेल तर एकाच अर्जात दोन्ही प्रकार घेता येतात. जागा वेगळी झाली की परवाना वेगळा. इंदिरानगरला किचन आणि पाथर्डी फाट्याला काउंटर असेल तर दोन अर्ज.

नोंदणीला कागद कमीच लागतात: फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. परवान्यासाठी यात भर पडते. स्वयंपाकघराचा मोजमापासह आराखडा, भागीदारी असेल तर करारपत्र, अन्न सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नामनिर्देशन, अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा, उत्पादकाला यंत्रांची यादी आणि पाण्याचा तपासणी अहवाल. आराखडा आर्किटेक्टकडूनच हवा असं नाही, पण तो खरा हवा. अधिकारी तोच हातात घेऊन उभा राहतो.

नियमानुसार नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय किंवा तपासणीची नोटीस यायला हवी, परवान्यासाठी ६० दिवस. मध्ये शंका काढली तर उत्तराला ३० दिवस असतात, आणि ते चुकले की अर्ज बाद होतो, फी जाते. रोज नाही तरी दोन दिवसांआड लॉगिन उघडून बघा.

मिळणारा नंबर १४ आकडी. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. राज्यस्तरावरच्या नंबरात पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५, आणि त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २१५ ने सुरू होणारा नंबर दिसला की आपल्याच राज्यातली नोंदणी. पाव, पनीर, खवा पुरवणारा जो नंबर देतो तो खरा आहे का हे पोर्टलवर टाकून लगेच तपासता येतं, आणि तपासायलाच हवं. परवान्याची अटच आहे की माल नोंदणीकृत किंवा परवानाधारकाकडूनच घ्यायचा आणि त्याची बिलं ठेवायची. पाव सायकलवरून येतो, बिल कुणी देत नाही, हे उत्तर चालत नाही.

पाणी आणि माणसं

पालिकेचं नळाचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, शुद्ध होऊन येतं. पण तुमच्या गाळ्यात ते इमारतीच्या टाकीतून येतं, आणि ती टाकी शेवटची कधी धुतली हे सोसायटीच्या चेअरमनलाही ठाऊक नसतं. बोअरवेल असेल तर प्रश्नच नाही, तपासणी करावीच लागेल. नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकानुसार, रासायनिक आणि जिवाणू दोन्ही तपासण्या सांगा. नमुना भरायची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतला नमुना कामाचा नाही. अहवालावर गाळ्याचा पत्ता पूर्ण लिहून घ्या.

अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हवी: त्वचेचे आजार, डोळे, संसर्गजन्य रोग, आणि विषमज्वराची लस. नोंदणीकृत डॉक्टरचा ठरावीक नमुन्यातला दाखला पुरतो. भांडी घासणाऱ्या मावशी आणि टेबल पुसणारा पोरगा यातून सुटत नाहीत. नाशिकमध्ये हॉटेलातली मुलं दिवाळीला गावी जातात आणि त्यातली निम्मी परत येत नाहीत, हे धरून चाला. नवा माणूस आला की दाखला नव्याने. याशिवाय दर २५ कामगारांमागे एक फॉस्टॅक, म्हणजे एफएसएसएआयचं अन्न सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला पर्यवेक्षक लागतो. छोट्या जागेत मालकाने किंवा मालकिणीने स्वतःच ते करावं, आचाऱ्याला पाठवलं आणि तो सोडून गेला की प्रमाणपत्रही त्याच्याबरोबर जातं.

तपासणीला काय बघतात

नियमावलीच्या अनुसूची ४ मध्ये स्वच्छतेच्या सगळ्या अपेक्षा आहेत. ती वाचून काढा, अर्धा तास लागतो. पण कागदावरची वाक्यं प्रत्यक्षात कशी दिसतात हे सांगतो, मिसळीच्याच स्वयंपाकघरात.

अन्न सुरक्षा अधिकारी सहसा आधी हात धुवायची जागा बघतात. भांडी घासायच्या सिंकपासून ती वेगळी हवी, साबण हवा, पाणी चालू हवं. मग फ्रिज. वरच्या कप्प्यात दही, खाली कच्चं, झाकणं लागलेली, आणि तापमान ५ अंशांच्या आत. फ्रिजमध्ये पन्नास रुपयांचा साधा थर्मामीटर ठेवला तरी बोलणं पुढे सरकतं. मटकी भिजवलेला टोप उघडा असेल तर तिथे नजर थांबते. मोड आलेलं कडधान्य ओलं आणि कोमट राहतं, जिवाणूंना याहून आवडती जागा नाही, म्हणून ते पिण्याच्या पाण्याने धुणं आणि झाकून ठेवणं आलंच. रस्सा गॅसवर असेल तर ६० अंशांच्या वर धरलेला हवा. कालचा कट आज गरम करून वाढायची सवय असेल तर ती उद्घाटनाआधीच मोडा. चिरलेला कांदा पाटीत उघडा पडलेला, शेजारी लिंबाची साल, वर पंखा: हे दृश्य शहरातल्या निम्म्या जागी दिसतं आणि सुधारणा नोटिशीत हमखास येतं.

तेलाचा नियम वेगळा लक्षात ठेवा. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर नोंदवही ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. काळं झालेलं तेल गाडीवाल्याला स्वस्तात विकणं हा गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. वडा-भजी वर्तमानपत्रात बांधून द्यायची नाहीत, हेही यातच आलं.

बाकी किरकोळ वाटतं पण मोजलं जातं: झाकणाचा पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा, खिडक्यांना जाळी, फरशीला उतार, शौचालयाचं दार स्वयंपाकघरात न उघडणं, शाकाहारी-मांसाहारीसाठी वेगळे चाकू आणि पाट, कीटकनियंत्रणाची पावती.

अधिकाऱ्याशी वाद घालू नका आणि घाबरूही नका. त्रुटी सापडल्या तर कायद्यात आधी सुधारणा नोटीस आहे आणि तिच्यात किमान १४ दिवस द्यावे लागतात. पुढे कधी नमुना घेतला तर त्याचे चार भाग करून सील करतात, त्याची बाजारभावाने किंमत अधिकाऱ्याने तुम्हाला द्यायची असते, आणि एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तुम्ही करू शकता. ती जागेवरच लेखी करा. तोंडी पैशांची गोष्ट निघाली तर एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. कुणाचंही नाव न घेता नियमांबद्दल शंका विचारायलाही तो उपयोगी पडतो.

पालिका, आग, गॅस

विभागीय कार्यालयात व्यवसाय परवान्याची चौकशी करा आणि त्याच फेरीत घनकचरा विभागालाही भेटा. घंटागाडीची सवय नाशिकला नव्वदच्या दशकापासून आहे, पण घरगुती गाडीने हॉटेलचा पन्नास किलो ओला कचरा न्यावा ही अपेक्षा चुकीची. व्यावसायिक कचऱ्याची व्यवस्था आणि शुल्क आधीच ठरवून घ्या. ओला-सुका वेगळा, आणि सिंकखाली चरबी अडवणारा सापळा. तो बसवला नाही तर पहिल्या पावसाळ्यातच ड्रेनेज तुंबून शेजारचा दुकानदार तक्रारदार होतो.

बसून खायची सोय, पोटमाळा किंवा तळघर असेल तर शिंगाडा तलावावरच्या अग्निशमन मुख्यालयात जाऊन ना हरकत दाखल्याची विचारणा फर्निचर करायच्या आधी करा. परवानाधारक एजन्सीने यंत्रणा बसवल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि नंतर ती चालू असल्याचं "बी" प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत.

गॅस व्यावसायिकच, १९ किलोचा. लाल घरगुती टाकी स्वयंपाकघरात दिसणं म्हणजे पुरवठा विभागाला आमंत्रण. एका वेळी १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे भरलेल्या पाच टाक्या. सहावी आणलीत की हिशेब बदलतो.

दुकाने व आस्थापना कायदा २०१७ खाली, ज्याला सगळे अजून गुमास्ता म्हणतात, कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. वजनावर काही विकत असाल तर इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का दरवर्षी. वाइन द्यायचा विचार असेल तर ते राज्य उत्पादन शुल्काचं स्वतंत्र प्रकरण, इथे नको.

गाडा, घरचे डबे, भंडारा

गाड्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, पण ती रस्त्यावर उभं राहायचा हक्क देत नाही. तो पथविक्रेता कायदा २०१४ खाली, पालिकेचं सर्वेक्षण, ओळखपत्र आणि ठरवून दिलेलं फेरीवाला क्षेत्र यातून येतो. घरून डबे देणाऱ्या ताईंनी "आम्ही घरचंच देतो" म्हणून नोंदणी टाळू नये. १०० रुपयांत काम होतं, आणि ऑनलाइन डिलिव्हरी ॲपवर नंबराशिवाय नाव चढत नाही.

सिंहस्थ २०२७ डोळ्यासमोर ठेवून तात्पुरते स्टॉल टाकायचा विचार पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंत चालू आहे. तात्पुरता स्टॉलधारकही नोंदणीच्या व्याख्येत येतो. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही येतो, म्हणजे अन्नछत्र आणि भंडारा घालणाऱ्या मंडळांनीही ती काढायची आहे. जागेचं वाटप वेगळं होईल, पण नोंदणी, पाण्याचा अहवाल आणि माणसांचे दाखले तयार असलेला माणूस रांगेत पुढे असतो.

नंबर हातात आल्यावर

परवान्याची प्रत आणि अन्न सुरक्षा फलक दर्शनी भागात लावा, गल्ल्यामागच्या गणपतीच्या फोटोआड नको. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ आकडी नंबर छापणं बंधनकारक आहे, बिलिंग मशीनमध्ये तो एकदाच टाकून घ्या. पाकिटबंद मालावर नंबर, घटक, शाकाहारी-मांसाहारीची हिरवी-तपकिरी खूण, बॅच, तारखा, वजन, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क. परवानाधारक उत्पादकाला दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक विवरण भरायचं असतं, उशिराला दिवसाला १०० रुपये. साध्या हॉटेलांना यातून सूट आहे.

भागीदार बदलला, पदार्थ वाढवले, किचन मोठं केलं तर पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करा. गाळा बदललात तर जुना परवाना नव्या पत्त्यावर चालत नाही, नवीन काढा आणि जुना रद्द करा. जुना तसाच पडून राहिला आणि त्या गाळ्यात आलेल्या पुढच्या माणसाने तुमच्याच नंबरावर बिलं छापली, तर नोटीस तुमच्या नावाने निघेल.